'प्रलय', 'जगबुडी' की 'सर्वनाश'?

प्रश्न असा आहे: हेवी मेटल (रॉक संगीताचा एक जोरकस, दणदणीत प्रकार) गाण्यांच्या शब्दांवर मराठीत लिहायचं तर 'अपॉकलिप्स'ला, म्हणजे जगाच्या अंताला, 'प्रलय' आणि 'डिस्टोपिया'ला, म्हणजे जुलमी, भयावह अशा कल्पित समाजाला, 'अनागोंदी' म्हटलेलं चालेल का?

'प्रलय' सरसकट वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रलय म्हणजे सृष्टीचा लय. तो काळाच्या नियमाने येतो, त्यात कुणाचा अपराध नसतो आणि त्यानंतर पुन्हा नवी सृष्टी होते. मेटलमधला शेवट मात्र बहुतेक वेळा माणसाच्या हातून होतो, आणि गाण्याचा सगळा संताप त्या हातांवरच असतो. आयर्न मेडन या बँडचं १९८४चं 'टू मिनिट्स टू मिडनाइट' घ्या. हे नाव एका घड्याळावरून आलं: अणुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकाने १९४७मध्ये जे प्रतीकात्मक घड्याळ सुरू केलं, त्यात मध्यरात्र म्हणजे जगाचा विनाश. अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर, १९५३मध्ये, त्याचा काटा बाराला दोन मिनिटं कमी इथवर आणला गेला. याला प्रलय म्हटलं की बॉम्ब बनवणारे नामानिराळे राहतात! इथे 'सर्वनाश' किंवा 'संहार'च हवा. 'जगबुडी' हा माझा लाडका शब्द, पण त्यात पाणी आहे. या गाण्यांत आग असते.

ब्लॅक सॅबथच्या १९७०च्या 'इलेक्ट्रिक फ्युनरल'मधल्या अणुयुद्धाला 'बेचिराख' इतका नेमका शब्द दुसरा नाही. आपल्याला त्यात राख ऐकू येते, पण मूळ फारसी 'बे-चिराग': जिथे दिवा लावायलाही कुणी उरलं नाही असं गाव. दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात.

बायबलवरून आलेली गाणी वेगळी. ग्रीक 'अपोकालुप्सिस' म्हणजे पडदा दूर करणं, म्हणूनच मराठी बायबलात त्या शेवटच्या पुस्तकाचं नाव 'प्रकटीकरण' आहे. मेटॅलिकाच्या 'द फोर हॉर्समेन'मधले चार घोडेस्वार तिथलेच. तिथे 'प्रकटीकरणातला जगाचा अंत' असं सरळ लिहावं.

आता 'अनागोंदी'. हा शब्द अर्थ उलटाच करतो. अनागोंदीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. डिस्टोपियात बहुधा प्रत्येक पावलाची नोंद होते. ज्यूडास प्रीस्टच्या १९८२च्या 'इलेक्ट्रिक आय'मध्ये आकाशातला पाळत ठेवणारा उपग्रहच 'मी' म्हणून बोलतो. त्यात गोंधळ कुठेच नाही, आणि भीती त्याचीच वाटते. ग्रीक 'डिस्' आणि संस्कृत 'दुस्' ही सख्खी भावंडं, त्यामुळे 'दुःस्थान'सारखा शब्द घडवता येईल, पण तो वाचकाला अडखळवेल. मेगाडेथच्या २०१६च्या अल्बमचं नावच 'डिस्टोपिया' आहे, म्हणजे मेटल ऐकणाऱ्याला हा शब्द परका नाही. तो तसाच ठेवावा आणि पुढच्या वाक्यात त्या गाण्यात नेमकं काय आहे ते सांगावं: पाळत, जुलूम, की विचारांवरचा पहारा.