रोपं लावायची घाई करू नकोस
यंदा कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) वृक्षारोपणाची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे, तर एवढं ऐक. 5 जून हा पर्यावरण दिन आहे, पावसाचा मुहूर्त नाही. पुण्यात तोवर जमीन पुरती भिजलेली नसते. त्या दिवशी हवं तर आवारातल्या झाडांची नोंद करा, रोपं जुलैत लावा. करंज, बहावा, कडुनिंब घ्या. नुसतं भराभर वाढतं म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हे परदेशी झाड) घेऊ नका. पिशवी ब्लेडने चिरून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका.

खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. पोरं गावी जातात, होस्टेल ओस पडतं आणि रोपं वाळतात, फार वाईट वाटतं बघ. म्हणून आधीच माळीमामांशी बोल, नळ कुठे आहे ते बघ, सुट्टीत शहरातच असणाऱ्यांच्या पाळ्या लाव. पाणी पुरेल तेवढेच खड्डे खणा.