झेरॉक्स, स्कॅन, रिप्रोड्यूस: कुठे कोणतं क्रियापद?

इंग्रजीत पत्रव्यवहार नवीनच सुरू केला असेल, तर आधी 'झेरॉक्स' बाजूला ठेवा. आपल्याकडे ते सर्रास चालतं, पण मुळात ते कंपनीचं नाव आहे. बाहेरदेशी पाठवायच्या अर्जात 'फोटोकॉपी' लिहा. भूतकाळात शेवटचा वाय जाऊन आय-ई-डी येतं, पण आयएनजी लावताना वाय तसाच राहतो. घाईत नेमका तोच गळतो. कागद मशीनवर ठेवून फाइल केलीत तर ते 'स्कॅन'. तिथे एन दोनदा लिहायचा, स्कॅन्ड आणि स्कॅनिंग दोन्हीत. एकदम पन्नास प्रती काढायच्या असतील तर 'रन ऑफ' छान बसतं.

फळ्यावरचं उतरवून घेणं 'कॉपी डाऊन', अख्खा उतारा हाताने लिहून काढणं 'कॉपी आऊट'. मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकून टंकणं म्हणजे 'ट्रान्सक्राइब'. इथे कॉपी लिहिलंत तर समोरचा ऑडिओ फाइलचीच दुसरी प्रत पाठवेल.

खरी गल्लत 'रिप्रोड्यूस' आणि 'रेप्लिकेट'मध्ये होते. दुसऱ्याच्या पुस्तकातला नकाशा परवानगीने आपल्या पुस्तकात छापला, तर तो रिप्रोड्यूस केला. कुणाचा प्रयोग नव्याने करून तोच निष्कर्ष येतो का पाहिलं, तर रेप्लिकेट. प्रयोगशाळेतली मंडळी पहिलं क्रियापदही निकालांसाठी वापरतात, पण नकाशा कुणी रेप्लिकेट करत नाही.

'डुप्लिकेट' जपून वापरा. आपल्या कानाला त्यात नकली मालाचा वास येतो, इंग्रजीत मात्र तो आरोप नाही. खोट्या सहीला 'फोर्ज', खोट्या नोटांना 'काउंटरफीट'.