साखळी ओढली, गाडी थांबली. पुढे काय?

(वाचकांचे प्रश्न. या अंकात उत्तरं देत आहेत भुसावळ विभागातले एक निवृत्त गार्ड.)

प्रश्न : पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेली माणसं दुसऱ्या गाडीखाली सापडली, ते वाचल्यापासून धास्ती बसली आहे. आग लागल्याचा ओरडा झाला तर उतरायचं की बसून राहायचं?
— एक वाचक भगिनी, नाशिक रोड

उत्तर : ताई, २२ जानेवारी २०२५ची ती घटना. माहेजी ते परधाडे हा पट्टा माझ्या पायाखालचा. पुष्पक मुंबईकडे येत होती. आगीची आवई उठली, साखळी ओढली गेली आणि माणसं उतरली ती नेमकी समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसच्या रुळावर. किमान १२ जण गेले. आग लागलेलीच नव्हती.

आपली गाडी थांबली की लोकांना वाटतं, सगळंच थांबलं. शेजारची लाईन चालूच असते. तिचा सिग्नल हिरवा असला तर हिरवाच राहतो, कारण रुळावर माणूस उभा आहे हे सिग्नलला कळत नाही. त्याला फक्त गाडीची चाकं कळतात.

गाडी अवेळी थांबली की लोको पायलट इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर, म्हणजे उघडझाप करणारा दिवा, चालू करतो. समोरच्या गाडीला तो दिसला तर ती ब्रेक मारते; पण मध्ये वळण असलं तर दिसायलाच उशीर होतो. शेजारची लाईन अडली असेल, तर सहायक पायलट लाल झेंडी आणि फटाके घेऊन पुढे पळतो. हे फटाके म्हणजे रुळावर बांधायच्या चपट्या डब्या, चाकाखाली आल्या की फुटतात. नियम असा, की ६०० मीटरवर एक बांधायचा आणि १२०० मीटरवर १०-१० मीटर सोडून तीन. खडीवरून १२०० मीटर जायला तरण्याबांड माणसालाही दहा-बारा मिनिटं लागतात. ताशी ११० किलोमीटरच्या वेगातली एक्सप्रेस तेवढं अंतर ४० सेकंदांत कापते. आमची सगळी व्यवस्था या दहा-बारा मिनिटांवर उभी आहे, आणि माणसं पहिल्या अर्ध्या मिनिटात उड्या मारतात.

म्हणून धूर दिसला, तर आधी डब्यातूनच शेजारच्या डब्यात जा आणि मधलं दार ओढून घ्या. सामान राहू द्या. उतरणं भागच असेल, तर गाडीच्या तोंडाकडे बघून डाव्या हाताला उतरा. दुहेरी मार्गावर आपल्याकडे गाडी डावीकडून धावते, म्हणजे दुसरा रूळ उजवीकडे. मात्र आता बऱ्याच ठिकाणी तिसरी-चौथी लाईन पडते आहे, तिथे हा हिशेब चालत नाही. ज्या बाजूला रूळ नाही त्या बाजूला उतरा आणि गाडीपासून लांब व्हा. डबा पुलावर असेल तर पाय बाहेर टाकायचाच नाही.

प्रश्न : साखळी ओढल्याने गाडी खरंच थांबते, की फक्त ड्रायव्हरला घंटा वाजते? आणि ही साखळी आली कुठून?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : घंटा सुरुवातीच्या काळात होती, त्याकडे येतो. आता काय होतं ते आधी. सगळ्या डब्यांखालून ब्रेकचा एक पाइप जातो, त्यात ५ किलोच्या दाबाची हवा असते. जुन्या निळ्या डब्यात साखळी ओढली की डब्याच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा फुस्सकन बाहेर पडायला लागते. आमच्या ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली आला, की समजायचं. मग कोणत्या डब्यातून हवा जाते आहे ते कान लावून शोधायचं आणि किल्लीने व्हॉल्व्ह पुन्हा बसवायचा. तोवर गाडी हलत नाही. नव्या एलएचबी डब्यांत साखळीच्या जागी लाल हँडल आहे. ब्रेक लागतो, पण भरधाव गाडी जागच्या जागी उभी राहत नाही, बरंच अंतर घेते.

याआधीच्या व्हॅक्युम ब्रेकच्या काळात हे उलटं होतं. पाइपमधली हवा काढून घेतलेली असायची आणि बाहेरची आत शिरली की ब्रेक लागायचा. दोन्हींत मेख एकच : गाडी मधून तुटली तर दोन्ही तुकड्यांना ब्रेक आपोआप लागतो. ही अक्कल फार महागात मिळाली. १८८९च्या जूनमध्ये आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे मागचे डबे चढावर सोडवून ठेवले होते. त्यांना आपोआप लागणारा ब्रेक नव्हता. ते घरंगळत मागच्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मेले, त्यांत बरीच मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना असा ब्रेक सक्तीचा केला.

आता साखळी. तिच्या मुळाशी एक खून आहे. जुलै १८६४मध्ये लंडनच्या एका लोकलमध्ये थॉमस ब्रिग्ज नावाच्या बँकेतल्या गृहस्थाला लुटून बाहेर फेकलं. प्रत्येक कप्पा बंद पेटीसारखा, आतून ओरडलं तरी ऐकणार कोण? खुनी, फ्रान्झ म्युलर नावाचा जर्मन शिंपी, गडबडीत आपली हॅट सोडून ब्रिग्जची घेऊन गेला आणि तिच्यापायी सापडला. तरी गलका इतका झाला, की १८६८मध्ये कायदाच आला : २० मैलांहून जास्त न थांबता जाणाऱ्या गाडीत प्रवाशाला गार्डपर्यंत निरोप पोचवायची सोय हवी. पहिली सोय म्हणजे डब्याबाहेर छपराच्या कडेने नेलेली दोरी. धावत्या गाडीत खिडकीतून हात काढून ती ओढायची आणि घंटा वाजायची वाट बघायची! अर्थातच तिच्यावर कुणाचा भरवसा बसला नाही. दोरी आत येऊन थेट ब्रेकशी जोडली गेली ती पुढे बऱ्याच वर्षांनी.

घर जवळ आलं म्हणून ओढणाऱ्यांसाठी : रेल्वे कायद्याचं कलम १४१. पुरेशा कारणाशिवाय ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : दिवाळीत मुलांसाठी फटाक्यांचा सीलबंद बॉक्स गाडीतून नेला तर चालतो का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सील असो वा नसो. रॉकेलचा स्टोव्ह आणि गॅसची लहान टाकीही त्यातच आली. गावी पोचल्यावर तिथल्या दुकानातून घ्या.