डाय घरी करू की पार्लरमध्ये? आधी कानामागची खाज बघू

केस पांढरे झाले म्हणून समुपदेशकाची वेळ सहसा कुणी घेत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात माझं कुणी ऐकत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात आणि बोलता बोलता केसांवर येतात. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका, आणि हल्ली पुरुषही, मला विचारतात, "डाय घरीच करू की पार्लरमध्ये जाऊ?" विचारताना आवाज जरा खाली जातो. त्या खाली गेलेल्या आवाजाकडे मी नेहमी लक्ष देते. एका ताईंच्या बाबतीत तो संकोच थेट तब्येतीवर बेतला होता. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकिगत सांगते.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसतात. मुलीला बघायला तीन आठवड्यांनी पाहुणे येणार होते आणि यांची झोप उडाली होती. पहिला अर्धा तास पाहुण्यांबद्दल, मुलीच्या नोकरीबद्दल बोलणं झालं. मग म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? मुलगी म्हणते, आई, तुझा घरचा डाय खोटा दिसतो, या वेळी पार्लरमध्ये कर. सासूबाई म्हणतात, मेंदी लाव. मला दोन्ही नको वाटतं. पण कार्यक्रमात पांढऱ्या केसांनी बसायचं?"

असा प्रश्न आला की मी लगेच मत देत नाही. मागच्या वेळी डाय केला तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावते. तपशिलात जे सापडतं ते मतांमध्ये सापडत नाही.

तर तो दिवस नव्हताच, रात्र होती. साडेअकरा. सगळे झोपल्यावर ताई न्हाणीघराचं दार लावून घेतात. जुना गाऊन, जुना टूथब्रश, स्टीलच्या वाटीत कालवलेला डाय. आरसा लहान, दिवा मंद. मागचे केस हाताला लागतील तसे. कुणी उठून दार वाजवेल या भीतीने अर्धा तास पुरा होण्याआधीच डोकं धुवायचं, तेही नळ बारीक सोडून. मग बेसिनवरचे काळे डाग घासायचे, रिकामं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवायचं आणि सकाळी ऑफिसच्या वाटेवर टाकायचं.

हे त्या अठरा वर्षं करत होत्या. तिशीच्या आत, दुसऱ्या बाळंतपणानंतर, कपाळावर पांढरी बट आली होती. तेव्हा कुणीतरी भर लग्नघरात म्हणालं होतं, "अगंबाई, सून सासूच्या आधी म्हातारी." ते त्यांनी तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं.

"आणि दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी काही नाही. कानामागे खाज येते थोडी. ती येतेच ना डायने."

"थोडी म्हणजे?"

मग हळूहळू बाहेर आलं. आधी नुसती खाज होती. नंतर कानामागे पुरळ, पाणी येणं. शेवटच्या दोन-तीन वेळी सकाळी पापण्या सुजलेल्या. ऑफिसात सांगितलं, जागरण झालं. घरी सांगितलं, धूळ लागली. मेडिकलमधून सेट्रिझिनची गोळी आणायची, दोन दिवसांत सूज उतरायची आणि महिन्याभराने पुन्हा तेच पाकीट.

इथे मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि सांगितलं, "ताई, घरी की पार्लरमध्ये हे आपण नंतर बोलू. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. तोपर्यंत डोक्याला काहीही लावायचं नाही, पाहुणे उद्या येणार असले तरी."

त्यांना वाटत होतं की स्वस्तातलं पाकीट वापरल्याने हे होतं आणि पार्लरमधला महागडा रंग लावला की थांबेल. पार्लरवाल्या बाईंनीही तसंच सांगितलं होतं: आमचा माल ब्रँडेड आहे, अमोनिया-फ्री आहे, काही होत नाही. हा गैरसमज इतक्या जणांचा आहे की तो नीट उलगडूनच सांगायला हवा.

पांढऱ्या केसांवर टिकणाऱ्या बहुतेक काळ्या-तपकिरी रंगांत पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, नाहीतर त्याच्या जवळच्या नात्यातलं एखादं रसायन असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिसळलं की केसाच्या आत रंग तयार होतो आणि अडकून बसतो, म्हणून तो धुऊन जात नाही. अमोनियाचं काम वेगळं, केसाचं बाहेरचं आवरण सैल करण्याचं. अमोनिया काढून त्याजागी दुसरा सौम्य वासाचा पदार्थ घातला तरी पीपीडी जागच्या जागी राहू शकतं. ॲलर्जी येते ती मुख्यतः पीपीडीची. पन्नास रुपयांच्या आतल्या पाकिटात ते असतं आणि पार्लरमधल्या ट्यूबमध्येही असतं. झटपट काळा रंग देणाऱ्या, 'हर्बल' लिहिलेल्या काळ्या मेंदीतही असू शकतं. जागा बदलली, खुर्ची बदलली, तरी अंगाला ते तेच ओळखीचं रसायन वाटतं.

आणि अंग ते विसरत नाही. वर्षानुवर्षं काही न होता एक दिवस ॲलर्जी सुरू होऊ शकते. एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते आणि पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा मोठी असू शकते. पापण्या सुजणं ही डायच्या ॲलर्जीची अगदी नेहमीची खूण आहे, कारण तिथली त्वचा सर्वांत पातळ. चेहरा सुजला किंवा श्वास जड वाटला तर गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी आधी पुरळ बरी होऊ दिली आणि मग पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. पीपीडीच्या जागी लाल, खाजरा फुगवटा आला होता. डॉक्टरांनी लिहून दिलं: असा डाय यापुढे नाही, घरीही नाही, पार्लरमध्येही नाही.

ताई तो कागद घेऊन आल्या आणि रडल्या. मला ते रडणं अगदी योग्य वाटलं. 'पांढरे केस किती छान दिसतात, आता लपवायचं कशाला' असं लोक त्यांना ऐकवू लागले होते. असं बोलणाऱ्यांना काउंटरवर बसावं लागत नाही. पंचविशीचा पोरगा काचेतून पासबुक सरकवत "आजी, एंट्री करा" म्हणतो, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी काय वाटतं ते त्यांनी मला सांगितलं. ज्याला केस रंगवावेसे वाटतात त्याने खुशाल रंगवावेत, त्यात कमीपणा काही नाही, असं माझं ठाम मत आहे. माझी काळजी दुसरी होती. अठरा वर्षं त्यांनी ही गोष्ट एकटीने, अंधारात, घाईने केली, आणि म्हणून अंग सूज आणून सांगत होतं तेही कुणाला सांगता आलं नाही.

मी त्यांना विचारलं, "साहेबांचे केस?"

"ते करतात ना. दर महिन्याला, रविवारी सकाळी. गॅलरीत बसतात बनियन घालून, मुलगा मागून लावून देतो. चहा पण तिथेच होतो."

बोलून त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. एकाच घरात, एकाच कपाटातली दोन पाकिटं. एकाला रविवारचं ऊन आणि मदतीला मुलगा, दुसरीला बंद न्हाणीघर.

पुढच्या वेळेपर्यंत त्यांनी एकच गोष्ट करायची ठरली: डॉक्टरांचा कागद घरात सगळ्यांसमोर ठेवायचा. त्यांना सर्वांत जास्त भीती सासूबाईंची होती. सासूबाई कागद हातात घेऊन म्हणाल्या, "मला काय वास येत नव्हता गं इतकी वर्षं? मला वाटलं, तुला आवडत नाही विचारलेलं." नवऱ्याला डायचं माहीत होतं, सुजेचं नव्हतं. मुलगी मात्र चिडली. पापण्या सुजलेल्या असताना धूळ लागली म्हणून आपल्याला सांगितलं, याचा राग तिला आला, आणि तो दोघींमध्ये चांगला काही दिवस टिकला. तो राग लवकर मिटावा म्हणून मी काही सुचवलं नाही. तिला तो येणं रास्त होतं.

कार्यक्रमाआधी हातात थोडेच दिवस होते. डॉक्टरांना विचारून मेंदी आणि नीळ हा मार्ग ठरला. नीळ म्हणजे नीळीच्या पानांची पूड. कपड्यांची नव्हे, हे सांगावं लागतं. नुसत्या मेंदीने पांढरा केस नारिंगी होतो, आणि ताईंना नेमकं तेच नको होतं. मेंदीवर नीळ लावली की रंग गडद तपकिरीकडे जातो. पण पूड शुद्ध हवी. वेष्टनावर फक्त पानांची नावं हवीत. पीपीडी किंवा न कळणारी रसायनं लिहिलेली असतील, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर ती घ्यायची नाही. शिवाय हीसुद्धा आधी हातावर थोडी लावून दोन दिवस बघायची. पानांचीही क्वचित कुणाला ॲलर्जी असते.

सासूबाईंनी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी रात्रभर भिजवली. दुपारी गॅलरीत बसून लेकीने लावून दिली, धुतली, मग नीळ कोमट पाण्यात कालवून लगेच लावली. नीळ भिजवून ठेवायची नसते, तिचा जोर जातो. पहिल्या दिवशी कपाळाजवळची बट तांबूसच राहिली, दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा नीळ लावावी लागली. उन्हात बघितलं तर अजूनही लालसर झाक दिसते. जुन्या डायसारखा एकसारखा काळा रंग यात येत नाही आणि वेळ भरपूर जातो, हे ताईंनी आधीच समजून घेतलं होतं.

आता ज्यांना ॲलर्जी नाही त्यांच्यासाठी. तुमचा मूळ रंग काळा असेल, त्याच्या जवळचाच रंग हवा असेल आणि मागचे केस लावून द्यायला घरात कुणी असेल, तर घरी करण्यात काहीच चूक नाही. हातमोजे घालावेत, वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्यावी, कपाळाच्या आणि कानाच्या कडेने व्हॅसलीन लावावं आणि वेळ पाकिटावर लिहिलीय तेवढीच ठेवावी. कमीही नाही, जास्त तर मुळीच नाही. केस मुळाशी महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणून चार-पाच आठवड्यांनी पांढरी रेघ दिसू लागते. तेव्हा फक्त मुळांना लावायचं. दर वेळी टोकापर्यंत लावलं की टोकं कोरडी, राठ होतात.

पार्लरचा खर्च करावा तो नेमक्या गोष्टींसाठी. मूळ रंगापेक्षा फिकट छटा हवी असेल, हायलाइट्स हवे असतील, आधीचा रंग बिघडलेला सुधारायचा असेल, किंवा केसांवर वर्षानुवर्षांची मेंदी असेल तर माहितगाराच्या हातात डोकं द्यावं. आधी काय काय लावलं आहे ते खरं सांगावं. काही तयार मेंद्यांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस खराब होतात. मुळांचा टचअप शहराप्रमाणे पाचशेपासून दोन हजारांपर्यंत पडतो आणि तो वर्षातून दहा-अकरा वेळा लागतो. हा आकडा वर्षाचा करून बघा, मग ठरवा. एका समारंभासाठी पार्लर आणि एरवी घर, हेही चालतं.

चाचणीला मात्र दोन्हीकडे सुट्टी नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास बघायचं, दर वेळी, ओळखीचाच ब्रँड असला तरी. आपल्याकडे डायच्या वेष्टनावर 'आधी चाचणी करा' ही सूचना छापणं आणि पापण्या-भुवयांना लावू नका असं बजावणं कायद्याने सक्तीचं आहे. ती अक्षरं बारीक असतात, ती वाचा. पार्लर चाचणीला 'काही गरज नाही' म्हणालं तर दुसरं पार्लर शोधा. पंचविशीच्या आतच केस पिकू लागले असतील तर रंग निवडण्याआधी बी-१२, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कधी आनुवंशिकच असतं, पण कमतरता निघाली तर उपचार करता येतात.

ताईंच्या घरी पाहुणे आले, पोहे झाले. स्थळ जुळलं नाही. कारण मुलाची बदली, केसांचा त्यात काही संबंध नव्हता. पुढे दुसरीकडे जमेल तेव्हा हातावर मेंदी निघेल. त्यासाठी मी त्यांना आताच सांगून ठेवलं आहे की पटकन चढणारे काळे कोन घ्यायचे नाहीत. त्यांतही पीपीडी असू शकतं आणि ते घरातल्या कुणाच्याच हाताला लागलेलं बरं नाही. डॉक्टरांच्या कागदाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. केस कापायला गेल्या तेव्हा पार्लरच्या वहीत आपल्या नावापुढे त्यांनी 'डाय नाही' असं लिहून घेतलं. पापण्या पुन्हा सुजलेल्या नाहीत. झोप अजून नीट लागत नाही, त्यावर आमचं काम चालू आहे.