भाव सरासरीला येईपर्यंत थांबायचं का?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. वय ३८ आणि ३६, मुलगी सहा वर्षांची. सध्या ज्या घरात भाड्याने राहतो तसंच घर विकत घ्यायचं आहे. त्याची किंमत आमच्या हातात येणाऱ्या वार्षिक उत्पन्नाच्या आठपट आहे. उत्पन्न १०० धरलं तर घर ८००, आमची बचत ३२० आणि वर्षाचं भाडं २४. कर्ज २० वर्षांचं, बदलत्या दराचं, सध्या साडेसात टक्क्यांनी. घराची किंमत आणि उत्पन्न यांच्या प्रमाणाचा एक जुना आलेख पाहिला, त्यात दीर्घकालीन सरासरी पाचपट दिसते. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी दुसरा आलेख दाखवला. त्यात आजचा व्याजदर गेल्या अर्धशतकाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. एक आलेख थांबा म्हणतो, दुसरा घेऊन टाका म्हणतो. तीन वर्षं याच घोळात गेली. काय करावं?

उत्तर: तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे मलाही स्पष्ट उत्तर देता येतंय. हे आठपटीचं घर आत्ता घेऊ नका, पण भाव सरासरीला येण्याची वाट पाहणंही सोडून द्या. सहापटीच्या आसपासचं घर मिळत असेल आणि तिथे निदान दहा वर्षं राहायचं असेल, तर घ्यायला हरकत नाही. त्यामागची कारणं अशी.

आधी व्याजदराचा आलेख घेऊ, कारण त्यातली गोम पटकन दिसते. अमेरिकेत फ्रेडी मॅक ही संस्था ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या दराची नोंद १९७१ पासून दर आठवड्याला ठेवते. ऑक्टोबर १९८१ मध्ये हा दर १८.६३ टक्के होता, जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के. सगळ्या वर्षांची सरासरी काढली तर ती पावणेआठच्या जवळ येते. मोजणी १९९० पासून सुरू केली तर सहाच्या आसपास. फक्त २००९ ते २०२१ ही वर्षं धरली तर जेमतेम चार. आता समजा तिथे दर साडेसहा आहे. तो स्वस्त म्हणायचा की महाग? पहिल्या सरासरीने तो स्वस्त ठरतो, दुसरीने किंचित चढा, तिसरीने फारच महाग. दर तोच आहे, बदललं ते मोजणी सुरू करण्याचं वर्ष. म्हणून कोणीही "ऐतिहासिक सरासरी" असं म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या वर्षापासूनची?

दुसरा प्रश्न महागाईचा. त्या १८ टक्क्यांच्या काळात अमेरिकेत महागाई १९८० साली साडेतेरा टक्के आणि १९८१ साली दहाच्या वर होती. पगारही चढत होते, त्यामुळे ठरलेला हप्ता काही वर्षांतच उत्पन्नाच्या मानाने हलका होत गेला. पुढे दर उतरल्यावर अनेकांनी जुनी महागडी कर्जं फेडून स्वस्त कर्जं घेतली. आजचा साडेसात आणि तेव्हाचा अठरा शेजारी ठेवून "तुम्ही नशीबवान" म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. कर्जदाराला जड जातो तो महागाई वजा करून उरणारा दर, आणि त्याहून जास्त जड जाते ती कर्जाची रक्कम. तेव्हा दर भारी होते, पण उत्पन्नाच्या तुलनेत कर्जं लहान होती. तुमच्या बाबतीत दर बेताचा आहे आणि कर्ज अवाढव्य. बँकेच्या आलेखात ही दुसरी बाजू कुठेच नाही.

आता घरांचे भाव. ॲमस्टरडॅममधल्या हेरनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांच्या व्यवहारांवरून पीट आइकहोल्ट्झ या अभ्यासकाने १६२८ ते १९७३ असा जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा निर्देशांक तयार केला. महागाई वजा केली तर एवढ्या काळात किंमत साधारण दुप्पट झाली, म्हणजे वर्षाला जेमतेम ०.२ टक्के. मध्ये भाव पिढ्यान्‌पिढ्या वर-खाली होत राहिले. याउलट कनॉल, श्युलारिक आणि स्टेगर यांनी १४ प्रगत देशांचा १८७० ते २०१२ हा काळ तपासला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महागाई वजा केलेले भाव साधारण जागच्या जागी होते आणि त्यानंतर ते सगळीकडे वर गेले. त्या वाढीतला सुमारे ८० टक्के वाटा जमिनीच्या भावाचा होता. बांधकामाचा खर्च त्यामानाने फार वाढलाच नाही.

म्हणजे १८७० पासूनची सरासरी काढली, तर तिच्यात दोन वेगवेगळी जगं एकत्र मिसळतात. नंतरच्या काळात घरात दुसरी कमाई येऊ लागली, कर्जाची मुदत लांबली, शहरांतली मोक्याची जमीन संपत गेली आणि १९८० च्या दशकापासून व्याजदर उतरत गेले. या शेवटच्या गोष्टीचं वजन किती, ते पाहा. २० वर्षांच्या कर्जावर दर आठवरून चारवर आला तर त्याच हप्त्यात ३८ टक्के जास्त कर्ज मिळतं. ते जास्तीचं कर्ज बरंचसं घरांच्या भावातच गेलं. तुमची पाचपटीची सरासरी अशा किती वर्षांमधून काढली आहे ते मला माहीत नाही, पण ती जुन्या काळाकडे झुकलेली असेल तर भाव पुन्हा तिथे येतीलच असं धरता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दर अठरावरून तीनवर एकदा येऊ शकतो. पुन्हा तेवढीच घसरण व्हायला आता जागाच उरलेली नाही. त्यामुळे गेल्या चाळीस वर्षांत भाव ज्या वेगाने वाढले तोच वेग पुढेही राहील, हे विकणाऱ्याचं गणितही मान्य करू नका.

समजा, तुमचा आलेख अगदी बरोबर आहे आणि प्रमाण खरोखर पाचपटीवर येणार आहे. ते कसं येईल? एक तर भाव एकदम साडेसदतीस टक्क्यांनी पडायला हवेत. अमेरिकेत २००६ ते २०१२ मध्ये देशभराची सरासरी घसरण साधारण २७ टक्के होती, आणि ती तिथली अलीकडच्या पिढ्यांनी पाहिलेली सगळ्यात मोठी पडझड मानली जाते. असे भाव पडतात तेव्हा नोकऱ्याही जात असतात आणि बँका कर्ज देताना हात आखडता घेतात. स्वस्त घर समोर असतं, पण पगाराची शाश्वती नसते. दुसरा मार्ग म्हणजे भाव जागेवर थांबणं आणि उत्पन्न वाढत जाणं. वर्षाला सहा टक्क्यांनी पगार वाढले, तर आठपटीवरून पाचपटीवर यायला आठ वर्षं लागतील. तुमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची असेल. तिच्या शाळेची जागा, तिची मैत्री, तुमचं रोजचं येणं-जाणं हे सगळं तोवर घरमालकाच्या मर्जीवर चालायचं का, याची किंमत कुठल्याच आलेखात नसते. ती तुम्ही दोघांनीच ठरवायची आहे.

थांबण्याचं काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र शेअर बाजारातलं आहे. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी रूढ केलेलं, दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर आधारलेलं किंमत-नफा गुणोत्तर, म्हणजे शेअरची किंमत कंपन्यांच्या नफ्याच्या किती पट आहे ते, अमेरिकी बाजारासाठी १८८१ पासून मोजता येतं. त्याची दीर्घकालीन सरासरी १७ च्या आसपास आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते सरासरीच्या वर गेलं आणि त्यानंतर खाली आलं ते २००८-०९ च्या संकटात, तेही थोड्याच महिन्यांसाठी. १९९२ साली "सरासरीला आला की घेईन" असं ठरवलेला माणूस सोळा वर्षं थांबला असता. इतकं थांबून ती वेळ आली तेव्हाही बाजाराचा निर्देशांक १९९२ पेक्षा वरच होता, कारण मधल्या काळात नफाही वाढला होता. सरासरी खरी ठरली, तरी थांबणाऱ्याचा फायदा झाला नाही.

जपान मला विसरायचं नाहीये. तिथे जमिनीचे भाव १९९१ च्या सुमाराला शिखरावर होते आणि नंतर पंधराएक वर्षं जवळजवळ सलग उतरत राहिले. तिथल्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर १९८९ ची पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. तिथे थांबलेला माणूस शहाणा ठरला. या उदाहरणाचा उपयोग मी भाकितासाठी करत नाही. घर घेतल्यावर पंधरा वर्षं भाव वाढलेच नाहीत तर आपला संसार टिकेल का, एवढं तपासायला ते कामी येतं. इतिहासातल्या सरासरीपेक्षा त्यातली वाईट वर्षं मला जास्त उपयोगी वाटतात.

तर तुमचा हिशेब. ३२० पैकी ३० अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, याला हात लावायचा नाही. नोंदणी, दलाली, सामान हलवणं यात ४० जातील. उरले २५०. म्हणजे ८०० च्या घरासाठी ५५० चं कर्ज. साडेसात टक्क्यांनी वर्षाचे हप्ते ५३ होतात. हातात येणाऱ्या १०० पैकी ५३! दर दोन टक्क्यांनी वाढला तर ६१ च्याही वर. एकाची नोकरी चार महिने गेली, तर हे घर तुम्हाला विकावं लागेल, आणि तेही बहुधा पडत्या भावात. आठपटीच्या घराला मी नाही म्हणतोय ते या आकड्यामुळे.

भाड्याशी तुलनाही करून पाहू. पहिल्या वर्षी व्याजाचे सुमारे ४१, स्वतःचे गुंतवलेले २५० पाच टक्क्यांनी ठेवले असते तर मिळाले असते ते साडेबारा, आणि देखभाल व कर मिळून किमतीच्या एक टक्का, म्हणजे ८. एकूण जवळजवळ ६२. त्याच घराचं भाडं २४. वरचे ३८ भरून निघायला घराची किंमत वर्षाला पावणेपाच टक्के वाढायला हवी. महागाई चार टक्के धरली तर महागाईच्या वर पाऊण टक्का, आणि हेरनग्राख्तच्या घरांना साडेतीन शतकांत ०.२ टक्क्यांच्या वर जमलं नाही. भाडं दरवर्षी वाढतं आणि व्याज मुद्दलाबरोबर कमी होतं, त्यामुळे सात-आठ वर्षांनंतर हे पारडं घर घेणाऱ्याकडे झुकू लागतं. तोपर्यंत विकावं लागलं नाही तरच.

आता ६०० चं घर. खर्चाला ३०, अडीअडचणीला ३०, उरले २६०. कर्ज ३४०, वर्षाचे हप्ते ३३. दर साडेनऊवर गेला तरी ३८. हे ताणाचं आहे, पण एका पगारावर काही महिने निभावून नेण्यासारखं आहे. मोठ्या घराच्या तुलनेत ते भाड्याच्या हिशेबात फारसं स्वस्त पडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फरक असा की वाईट वर्षांत ते हातातून जाणार नाही. एक खोली कमी किंवा शहराच्या जरा बाहेर, यातलं काय चालेल ते आधी दोघांनी बसून ठरवा, मग घरं बघायला जा.

वर्षभरात असं घर मिळालं नाही तर भाड्यानेच राहा, त्यात काहीही कमीपणा नाही. फक्त बचत शेअरमध्ये टाकू नका. तीन वर्षांच्या आत लागू शकणारा पैसा बाजारात ठेवायचा नसतो. मुदत ठेवी तीन-चार वेगवेगळ्या मुदतींच्या करा, म्हणजे घर पसंत पडलं की मोडायला लागणार नाहीत. आणि वर्षातून एकदा चारच आकडे नव्याने लिहा: तुमचं उत्पन्न, भाडं, पसंतीच्या घराची प्रत्यक्ष सौद्यात ठरलेली किंमत आणि तुम्हाला लेखी मिळालेला कर्जाचा दर. दर दोन टक्के वाढवूनही हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आत बसत असेल तर मला पुन्हा लिहा, त्या विशिष्ट घराची कागदपत्रं आणि कर्जाच्या अटी आपण एकत्र पाहू.