काईट स्केटिंग सुरू करताना: पहिला काईट कोणता, आणि अंगावर काय काय हवं

काईट स्केटिंग, म्हणजे पायात स्केट्स घालून काईटच्या ओढीने जाणं, सुरू करायचंय आणि ओळखीतला वापरलेला काईट घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. सरळ उत्तर आधी देतो: पाच चौरस मीटरचा डीपॉवर (उडताना ओढ कमी-जास्त करता येणारा) काईट आत्ता घेऊ नका. स्वस्तात मिळत असला तरी नको.

तुम्ही लिहिलंय की इनलाइन स्केटिंग दोन वर्षं चाललंय, वजन सत्तर किलोच्या आसपास आहे, हेल्मेट आणि नी पॅड आहेत, पॉवर काईट (माणसाला ओढू शकणारा मोठा पतंग) कधी हातात घेतलेला नाही, आणि ओळखीतून हा पाच मीटरचा काईट हार्नेससकट (कमरेला बांधायचा, हुक असलेला पट्टा) मिळतोय. स्केट्सवर तोल आहे ही मोठी जमेची बाजू. पण काईटच्या बाबतीत तुम्ही कोरी पाटी आहात, आणि या खेळात माणूस जायबंदी होतो तो बहुतेक वेळा काईटमुळे, स्केट्समुळे नाही.

वाऱ्याचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या. काईटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १० नॉटवरून (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) १४ वर गेला की ओढ जवळपास दुप्पट होते, १६ नॉटला अडीचपट आणि २० नॉटला चौपट. १० ते १६ हा फरक काही वादळाचा नव्हे, साध्या झोतांच्या दिवशी एका मिनिटात दोनदा होऊ शकतो. म्हणजे १० नॉटला मजेत झेपणारा काईट सहा नॉटच्या एका झोतात तुमच्यासाठी अडीचपट मोठा होतो. त्यात काईट आकाशात एका जागी उभा असताना जेवढा ओढतो, त्याच्या कितीतरी पट जास्त तो समोरून आडवा धावताना ओढतो. नवशिक्याच्या हातून तो धावतोच, कारण घाबरला की माणूस एक हात खेचतो.

डीपॉवर म्हणजे 'नको तेव्हा ताकद कमी करता येते', म्हणून तो सुरक्षित, असं या चर्चेत एका सदस्याने लिहिलंय. अर्धंच खरं आहे. बार (दोऱ्या जोडलेला, दोन्ही हातांनी धरायचा दांडा) पुढे सोडला की काईटचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि ओढ उतरते, हे बरोबर. पण बार हार्नेसच्या हुकात अडकवलेला असतो, म्हणजे काईट तुमच्या कमरेला बांधलेला असतो. घाबरलेला माणूस बार सोडत नाही, छातीशी ओढून घेतो, आणि तिथेच ताकद सगळ्यात जास्त असते. सुटण्यासाठी क्विक रिलीज (काईट हार्नेसपासून झटकन सोडवणारी कळ) ओढावा लागतो. तो न बघता ओढण्याची हाताला सवय होईपर्यंत हार्नेसच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. डीपॉवर काईट वाईट नाहीत. पुढे जाऊन तुम्ही तेच वापराल, पण ती दुसरी खरेदी.

पहिला काईट चार दोऱ्यांचा, दोन हँडलचा फॉइल घ्या. फॉइल म्हणजे कापडाच्या कप्प्यांत वारा भरून आकार घेणारा. पाण्यावरचे हवा भरायचे काईट जमिनीवर शिकायला नकोत: खडबडीत जमिनीवर आपटले की नळी फुटते किंवा कापड फाटतं. शिवाय त्यांचे आकडे इकडे लावूच नका, कारण त्याच क्षेत्रफळाचा फॉइल साधारणपणे जास्त ओढतो. चारपैकी वरच्या दोन दोऱ्या भार घेतात, खालच्या दोन काईटच्या मागच्या कडेला जातात, त्या ब्रेक. दोन्ही ब्रेक ओढले की काईट थांबतो आणि मागे मागे सरकत जमिनीवर बसतो. दोन दोऱ्यांच्या काईटला ही सोय नसते. (ही युक्ती आजची नाही. जॉर्ज पोकॉक नावाच्या इंग्लिश शिक्षकाने पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट १८२६ मध्ये घेतलं, त्याचे पतंगही चार दोऱ्यांनीच ताब्यात ठेवायचे होते.)

हँडलचा मोठा फायदा असा की सोडली की सुटलात. मात्र हँडलबरोबर काईट किलर्स घ्याच. हे मनगटाचे पट्टे ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले असतात. दोन्ही हँडल सोडली की ओढ फक्त मागच्या कडेवर येते, काईट झेंड्यासारखा फडफडतो आणि खाली पडतो. तो वाऱ्यावर उडून कुणाच्या अंगावर जात नाही. यातली एक गोष्ट लक्षात असू द्या: एकच हँडल सोडलं तर काईट एका ब्रेकवर गरागरा फिरतो आणि उलट जास्त ओढतो. सोडायची तर दोन्ही, एकदम. हा सराव स्केट्स न घालता, साधे बूट घालून, हलक्या वाऱ्यात, मुद्दाम करायचा. काईट चांगला ओढत असताना हात उघडायला मन तयार होत नाही, ते तयार होईपर्यंत.

आता साइज. तुमच्या वजनाला, १० ते १४ नॉटच्या वाऱ्यात, दोन ते तीन चौरस मीटर. दुकानदार किंवा बग्गीवाले (काईटने ओढायची तीनचाकी गाडी चालवणारे) 'तीन म्हणजे खेळणं' म्हणतील. बग्गी जड असते, वाळूत रुतते, तिला ओढायला मोठा काईट लागतो. गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर इनलाइन स्केट्सना विरोध जवळजवळ नसतोच, तीन मीटरवर तुम्ही सहज नको तितक्या वेगात जाल. दुसरं म्हणजे बग्गीत माणूस बसलेला असतो आणि चाकं आडव्या ओढीला टेकू देतात. स्केट्सवर तो टेकू तुमच्या दोन मांड्या देतात, बाकी काही नाही. गवतावर मोठ्या हवेच्या चाकांचे ऑफरोड स्केट्स वापरणार असाल तर चार मीटरपर्यंत जायला हरकत नाही, कारण गवत वेग खातं. पडायलाही गवत बरं. शक्य असेल तर सुरुवात तिथेच करा.

आकाराकडेही बघा. लांबट, अरुंद काईट वेगवान असतो पण झोत गेला की दुमडतो, आणि परत भरताना झटका देतो. पहिला काईट बुटका, रुंद असावा. संथ वाटेल, पण संथच हवा.

पॅड्सबद्दल. नेहमीच्या स्केटिंगमध्ये आपण पुढे पडतो, तळहात आधी टेकतात. इथे हात हँडलमध्ये गुंतलेले असतात आणि ओढ पुढून, आडवी असते. त्यामुळे पडताना खुबा, खांदा, कोपर आणि चेहरा आधी लागतो. म्हणून तुमच्या यादीत पॅडेड शॉर्ट्स मी हेल्मेटच्या लगेच खाली ठेवीन. खुब्यांवर आणि माकडहाडावर फोम असलेली, पँटच्या आत घालायची. बहुतेक जण ही शेवटी घेतात, एकदा डांबरावर खुब्यावर घसरल्यानंतर.

हेल्मेट आहे म्हणालात, पण कोणतं? सायकलचं असेल तर डोक्याची मागची बाजू किती झाकतं ते बघा. स्केटचं हेल्मेट मागे खालपर्यंत येतं, आणि काईटने पाय पुढे खेचले गेले तर मागेच आपटतं. आत ईएन १०७८ असा शिक्का शोधा, ते मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट्ससाठी आहे. आतला फोम कडक पांढरा थर्माकोलसारखा असेल तर एका मोठ्या आपटीनंतर हेल्मेट बाद करायचं, वरून तडा दिसो न दिसो. डांबरावरच करायचं असेल तर हनुवटी झाकणाऱ्या फुलफेस हेल्मेटचा जरूर विचार करा. कारण वर लिहिलंच: तोंड वाचवायला हात मोकळे नसतात.

रिस्ट गार्डचा प्रश्न इथे जरा विचित्र होतो, आणि तो कुणी सांगत नाही. नेहमीच्या गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला वाकलेली कडक पट्टी असते. ती घालून हँडल धरून बघा: मूठ पूर्ण मिटत नाही, हँडल बोटांच्या टोकांवर येतं, आणि थोड्या वेळात पुढचा हात आखडतो. मग माणूस वैतागून गार्ड काढून ठेवतो. उपाय म्हणजे तळहाताची पट्टी आखूड असलेलं किंवा मुख्य आधार हाताच्या वरच्या बाजूला असलेलं गार्ड. विकत घेण्याआधी काईटचं हँडल, नाहीतर तेवढ्या जाडीची काठी, मुठीत धरून मनगट पुढे-मागे वाकवून बघा. ब्रेक द्यायला ती हालचाल लागते. दुसरी अडचण वेल्क्रोची. किलर्सचा पट्टा गार्डच्या वर येतो आणि दोन्हींचे वेल्क्रो एकमेकांना चिकटतात. घाईत किलर सोडायला गेलात तर गार्डच उघडतं. किलर थोडा वर, गार्डच्या कडेपलीकडे बांधा, आणि पट्ट्याचं टोक दुसऱ्या हाताला न बघता सापडतंय ना ते तपासा.

नी पॅड बाहीसारखे पायात चढवायचे असतील तर उत्तम. नुसत्या दोन पट्ट्यांचे पॅड पहिल्या घसरणीतच पोटरीवर येतात. एल्बो पॅडलाही तेच लागू. यांच्या आणि रिस्ट गार्डच्या लेबलवर ईएन १४१२० बघा. बोटं झाकणारे पातळ हातमोजे घाला: काईटच्या दोऱ्या डायनीमा या मजबूत धाग्याच्या, बारीक आणि ताणाखाली सुरीसारख्या असतात. ताणलेली दोरी हाताने कधीच पकडायची नाही, मोजे असले तरी. न फुटणारा, पट्ट्याचा चष्मा हवा. बॅक प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून लागेलच असं नाही, पण डांबरावर असाल किंवा काईट तीन मीटरच्या पुढे गेला की घ्या. मोटारसायकलवाल्यांचा ईएन १६२१-२ चा चालतो.

एवढं सगळं अंगावर चढवल्यावर एक गोष्ट मात्र विसरायची नाही. पॅड्स घसरण्यापासून वाचवतात, उचलले जाण्यापासून नाही. काईटने दोन मीटर वर उचलून खाली सोडलं तर नी पॅड काय करणार? तिथे उपयोगी पडतो लहान काईट आणि वेळेवर उघडणारा हात.

उचललं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे काईट डोक्यावर 'पार्क' करून उभं राहणं. याच चर्चेत कुणीतरी तेच सुचवलंय, थांबायचं असेल तर डोक्यावर न्या म्हणून. काईट डोक्यावर असताना ओढ कमी असते हे खरं, पण ती वरच्या दिशेची असते, आणि झोत आला की वरच नेते. जमिनीवर काईट बाजूला, विंडोच्या (वाऱ्यात काईट उडू शकतो त्या टप्प्याच्या) कडेला, खाली धरून विसावा घ्या. झोत आला तर तो तुम्हाला आडवा ओढेल, ते सांभाळता येतं. चालतानाही काईट खालीच ठेवा. गुडघे वाकवून, एक पाय पुढे, वजन मागे.

वारा मोजायला छोटा अ‍ॅनिमोमीटर घ्या, आणि सरासरीपेक्षा सगळ्यात मोठा झोत किती आला ते बघा. मीटर नसेल तर: पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, हलका झेंडा पसरलाय, म्हणजे ७ ते १० नॉट. हा तुमचा वारा. धूळ आणि कागद उडायला लागले, छोट्या फांद्या हलल्या की ११ ते १६ नॉट. याच्या खालच्या टोकापर्यंतच. वाऱ्याच्या बाजूला इमारत किंवा झाडांची रांग असेल तर तिच्या उंचीच्या निदान सात पट लांब राहा, कारण आडोशामागे वारा गोल फिरतो. विजेच्या तारा, रस्ता, माणसं, विमानतळ जवळ असेल तर तिथे काईट उघडायचाच नाही.

क्रम असा ठेवा. आधी नुसता काईट, बुटांवर, हातात इतका बसेपर्यंत की त्याच्याकडे न बघता तो कुठे आहे ते कळेल. स्केट्सवर ब्रेकशिवाय थांबणं, मागे वळणं, दोन्ही बाजूंना. मगच दोन्ही एकत्र. त्या दिवशीही काईट बुटांवर असतानाच मांडून घ्या: पालथा न ठेवता पाठीवर, मागची कड तुमच्या बाजूला, तिच्यावर वाळू किंवा वाळूच्या पिशव्या. हँडल ब्रेकच्या बाजूने जमिनीत ठोकलेल्या खुंटीला अडकवा. मग बसून स्केट्स चढवा. स्केट्स घालून गुंतलेल्या दोऱ्या सोडवायला जाणं हा वेगळाच खेळ आहे.

वापरलेलाच घ्यायचा असेल तर तीन मीटरचा शोधा, आणि घेण्याआधी चारही दोऱ्या एका खुंटीला बांधून सारख्या ताणून बघा. भार घेणाऱ्या वरच्या दोऱ्या वापराने लांब होतात. मग ब्रेकच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात आणि काईट वर चढायच्या ऐवजी मागे सरकत राहतो. विकणारा म्हणतो 'वारा कमी आहे'. फरक थोडा असेल तर हँडलच्या ब्रेकच्या दोरीवरची गाठ बदलून तो काढता येतो: काईट सरळ उडत असताना ब्रेकच्या दोऱ्यांना जरा पोट आलेलं दिसलं पाहिजे. कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारा, हवा आरपार जात असेल तर काईट संपलाय. ब्रायडलच्या (कापडाला मुख्य दोऱ्यांशी जोडणाऱ्या) बारीक दोऱ्या बोटांतून एकेक काढा, मध्येच खरखर लागली किंवा नको तिथे गाठ सापडली तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. या कसोट्या तो पाच मीटरवालाही पास झाला तर मालकाला विचारा, काही महिने थांबायला तयार आहे का.