डोक्याएवढ्या कपाशीत फवारणी: विष अंगात कसे शिरते आणि ते कसे रोखावे

प्रश्न: कपाशी डोक्याच्या वर गेली आहे. तोंडाला रुमाल बांधून फवारणी केली तरी संध्याकाळी डोके जड होते, मळमळते, डोळ्यांसमोर अंधुक दिसते. असे का होते? दोन-तीन औषधे एकत्र करून एकदाच फवारली तर मजुरी वाचेल आणि त्रासही कमी होईल का?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण वर्णन केलेली लक्षणे उन्हाची किंवा थकव्याची समजून अंगावर काढू नयेत. डोकेदुखी, मळमळ, अंधुक दृष्टी, खूप घाम येणे, तोंडाला लाळ सुटणे आणि स्नायू फडफडणे ही फवारणीनंतर दिसली, तर ती विषबाधेची सुरुवात असू शकते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर शासनाने प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, असिफेट, डायफेन्थिरॉन आणि मोनोक्रोटोफॉस यांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली होती. त्या वर्षीही पऱ्हाटी (कपाशी) अशीच उंच वाढलेली होती.

रुमालाने त्रास का थांबत नाही, हे नीट समजून घ्यावे. फवारणाऱ्याच्या अंगात विष श्वासावाटे जाते तसे कातडीवाटेही जाते, आणि बहुतेक वेळा कातडीवाटेच जास्त जाते. काखेतील आणि जांघेतील त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी अधिक वेगाने विष शोषते. पंपाचे झाकण गळत असेल तर पाठीवरून झिरपणारे द्रावण थेट कमरेखाली उतरते, घामाने ओलसर झालेले कपडे ते अंगाला चिकटवून ठेवतात, आणि भिजलेला रुमाल तर विष नाकाशीच धरून बसतो. पीक डोक्याच्या वर असले की नोझल वर धरावे लागते, त्यामुळे फवारा आपल्याच चेहऱ्यावर आणि छातीवर पडतो. ज्या पंपाचे तुषार फार बारीक असतात, त्याचे धुके तर दाट ओळींमध्ये बराच वेळ तरंगत राहते.

प्रोफेनोफॉस, असिफेट, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवणाऱ्या कोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. हे विकर शरीरात पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागू शकतात. म्हणून आज एका शेतात, उद्या दुसऱ्या शेतात अशी रोज फवारणी करणाऱ्या मजुराच्या शरीरात तूट साचत जाते आणि एखाद्या दिवशी नेहमीएवढाच फवारा त्याला कोसळवतो. आपल्याकडे फवारणी बहुधा मजुरीनेच करून घेतली जाते. त्यामुळे हातमोजे, चष्मा, योग्य मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट आणि पाठीवर प्लास्टिकचे आवरण पुरवणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे, असे मी ठामपणे सांगतो. पाणी भरून देणाऱ्या आणि फवारणीचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांनाही तेच विष लागते. ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे, हातमोजे घालून धुवावेत.

पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल, तर फवारणी शक्यतो टाळावी. करावीच लागली तर वारा मंद असताना, वाऱ्याकडे पाठ करून, आणि भर दुपार सोडून करावी.

दोन-तीन औषधे एकत्र करण्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. लेबलवर किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत नसलेले मिश्रण पिकालाही अपाय करू शकते, शिवाय विषबाधा झाल्यास उपचार अवघड होतात. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत फवारा पोहोचतच नाही. उलट पायरेथ्रॉइड गटातील (सायपरमेथ्रिनसारखी) औषधे वारंवार फवारली, तर ढालकिडा आणि क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक मरतात आणि पांढऱ्या माशीचा प्रादुर्भाव वाढतो, म्हणजे पुढच्या फवारणीची गरज आपणच निर्माण करतो. त्याऐवजी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा 10 टक्के फुले किंवा हिरवी बोंडे किडकी आढळली, तरच शिफारस केलेले एक औषध वापरावे. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले) दिसताच तोडून नष्ट कराव्यात. सुरुवातीच्या काळात 5 टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. डिसेंबरनंतर फरदड (वेचणीनंतरही शेतात राखलेली जुनी कपाशी) ठेवू नये, कारण तिच्यावरच अळीची पुढची पिढी पोसली जाते.

पंप नाल्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये. सायपरमेथ्रिनसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असतात, आणि त्याच नाल्यावर गुरे पाणी पितात. फुलांवर मधमाश्या असताना फवारणी टाळावी.

रिकामे डबे छिद्र पाडून, चेपून निकामी करावेत. त्यांत पाणी, तेल किंवा धान्य कधीही ठेवू नये. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजनातून 23 मुलांचा मृत्यू झाला, तेव्हा स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले होते.

कोणाला विषबाधा झाल्याची शंका आली तर त्याला लगेच शेताबाहेर आणून भिजलेले कपडे काढावेत आणि केस व नखांसह सर्व अंग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यांत औषध गेले असेल तर ते स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावेत. दूध, तूप देऊ नये, उलटी करवू नये. बेशुद्ध असल्यास कुशीवर झोपवून 108 ला फोन करावा. औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरांकडे न्यावे, कारण सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेवर अॅट्रोपिन देतात, तर पायरेथ्रॉइड, इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलवर खास उतारा नाही आणि लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. बरे वाटू लागले तरी डॉक्टर सांगेपर्यंत त्या व्यक्तीने पुन्हा पंप पाठीवर घेऊ नये.